मावळची ओवी आणि पहिले ध्वनिमुद्रण

जात्यावरची ओवी हा महाराष्ट्रातील ग्रामीण स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला गीतप्रकार होय. पहाटे धान्य दळताना गायली जाणारी ही दोन ओळींची रचना मावळ, मुळशी आणि लोणावळ्याच्या डोंगरपट्ट्यात शतकानुशतके ऐकू येत होती. मात्र कोणत्याही ग्रामोफोन कंपनीने या बायकांचा स्वर तबकडीवर उतरवला नाही. एखाद्या गायकाच्या वाट्याला येते तशी 'पहिली ध्वनिफीत' त्यांच्या वाट्याला आली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तीही बाजारातून नव्हे, तर एका संशोधन प्रकल्पातून. तोवर गावोगावी पिठाच्या गिरण्या पोहोचल्या होत्या आणि जाती अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती. जे गाणे थांबत चालले होते, तेच ऐनवेळी मुद्रित झाले. या मुद्रणामागचा इतिहास, त्याचे महत्त्व आणि त्यातून उभे राहणारे प्रश्न यांचा हा आढावा.

मावळचा मुलूख

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या खोऱ्यांना 'मावळ' म्हणतात. आजच्या मावळ तालुक्यात पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ हे भाग येतात. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळचा. भात हे येथील मुख्य पीक, त्याच्या जोडीला डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. शिवरायांच्या मावळ्यांचा हा मुलूख लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांमुळे ओळखला जातो. कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी याच मुलखातील.

या भागाच्या सांगीतिक वारशाच्या खुणा फार जुन्या आहेत. भाजे येथील प्राचीन विहाराच्या शिल्पपटात वाद्य वाजवणारी स्त्री आणि तिच्या सोबतीला नर्तकी दिसते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत सुतार आहे, धेनुकाकटचे यवन आहेत आणि स्त्रियाही आहेत. म्हणजे दान देणाऱ्याचे नाव दगडात राखून ठेवण्याची रीत या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी दगडी जात्यावर गाणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणी लिहून ठेवली नाहीत.

आधुनिक काळात या मुलखाचे रूप झपाट्याने पालटले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण, शिरवता आणि लोणावळा येथे धरणे झाली. खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. शेजारच्या मुळशी पेट्यातील धरणाविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. पुढे पवना धरण आले आणि विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आला. ज्या पाण्यातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली, त्या पाण्याच्या काठची दळणे मात्र पुढे कित्येक वर्षे हातानेच होत राहिली.

जाते आणि ओवी

जाते म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन गोल दगडी तळ्या. खालची तळी स्थिर असते, वरची फिरते. वरच्या तळीच्या मधल्या तोंडातून मुठीमुठीने धान्य घालतात, त्याला 'वैरण घालणे' म्हणतात. कडेला लाकडी खुंटा असतो. तो धरून एक किंवा समोरासमोर बसलेल्या दोन बायका जाते ओढतात. दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. घरातल्या सर्वांच्या भाकरीपुरते पीठ रोज पहाटे दळायचे, हे काम खांदे आणि दंड भरून आणणारे. हा शीण विसरण्यासाठी आणि फिरवण्याची लय टिकवण्यासाठी ओवी आली, असे मानले जाते.

परंतु ओवीचे काम एवढ्यावर संपत नाही. पहाटेच्या त्या घटकेला घरातील पुरुष निजलेले असत आणि बोलण्यावर पाळत ठेवणारे कोणी नसे. सासुरवास, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणे, लेकीची पाठवणी, मूल नसल्याचे दुःख, पंढरीच्या वारीची आस हे सारे दिवसाउजेडी बोलता न येणारे बोल जात्यापाशी बोलता येत. जाते हे सखीच्या किंवा देवाच्या ठिकाणी असे. त्याला उद्देशून मन मोकळे केले जाई. रामायणातील सीता या ओव्यांत राजाची राणी म्हणून फारशी येत नाही. रानात एकटी पडलेली, आपल्यासारखीच सोसणारी बाई म्हणून ती येते.

ओवी हा शब्द किती जुना, याचा दाखला चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मिळतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये 'ज्ञानेश्वरी' लिहिली ती ओवी छंदातच. संत जनाबाईंसोबत प्रत्यक्ष विठ्ठल दळू लागला, ही कथा तर घरोघरी ठाऊक आहे. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची, जात्यावरची साधारणतः दोन ओळींची. तिच्यात 'बाई', 'सई', 'बया' अशी पदे गाताना घातली जातात. त्यामुळे कागदावर छोटी दिसणारी ओवी गळ्यात बरीच लांबते. चालीला अनेक ठिकाणी बायका 'गळा' म्हणतात. एकीने ओवी घालायची आणि दुसरीने ती उचलायची, ही दोघींच्या दळणाची रीत.

छापील संग्रहांचा काळ

ओव्यांकडे सुशिक्षितांचे लक्ष विसाव्या शतकात गेले. साने गुरुजींनी आईच्या आणि परिचित स्त्रियांच्या तोंडच्या ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' हा संग्रह सिद्ध केला. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांना 'अपौरुषेय वाङ्मय' असे समर्पक नाव दिले. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून गावोगावचे साहित्य प्रसिद्ध केले. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांच्या रचना त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, पुत्र सोपानदेव चौधरी आणि आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ग्रंथरूपात आल्या आणि शेतकरी स्त्रीच्या प्रतिभेने मराठी रसिक थक्क झाले.

या सर्व कामाचे मोल मोठे आहे. तरीही त्यात एक उणीव राहिली. छापील ओवीत शब्द उरतात, गळा उरत नाही. शिवाय अनेक संग्रहांत ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितली, हे नोंदलेले नसते. 'लोकसाहित्याला कर्ता नसतो' असे एकदा म्हटले की गाणारीचे नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. बहिणाबाईंचे नाव राहिले, कारण घरात लिहिणारा कवी मुलगा होता. ज्यांच्या घरी लिहिणारे कोणी नव्हते, त्यांच्या ओव्या 'परंपरागत' ठरल्या.

ब्रिस्टलचे उदाहरण

गावच्या गाण्याचा तबकडीशी संबंध आला की काय घडते, हे समजण्यासाठी अमेरिकेतील कंट्री संगीताचा आरंभ पाहणे उपयुक्त ठरते. टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल हे गाव आहे. २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी तेथे तात्पुरता ध्वनिमुद्रण कक्ष उभारला आणि डोंगराळ भागातील गायकांना बोलावले. त्यांत ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सेरा आणि भावजय मेबेल हे त्रिकूट होते. १ आणि २ ऑगस्ट रोजी त्यांनी सहा गाणी मुद्रित केली. त्याच आठवड्यात जिमी रॉजर्स यांचेही पहिले मुद्रण झाले. 'कार्टर फॅमिली' आणि रॉजर्स यांच्या या पहिल्या तबकड्यांपासून कंट्री संगीताचा व्यवसाय खऱ्या अर्थाने उभा राहिला, असे मानतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीच्या पहिल्याच यादीत या मुद्रणांचा समावेश केला.

या यशाला दुसरी बाजू आहे. ए. पी. कार्टर डोंगरवस्त्यांत हिंडून जुनी गाणी जमवत. लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असत. कार्टर शब्द टिपून घेत, रिडल चाली ध्यानात ठेवत. गाणी तबकडीवर आली, त्यांचे हक्क नोंदले गेले. रिडल यांचे नाव मात्र दीर्घकाळ अंधारात राहिले. ज्या घरांतून ती गाणी आली, त्यांची नावे तर बहुतांशी हरवलीच. तबकडी एकाला गायक म्हणून नाव मिळवून देते, त्याच वेळी अनेकांना निनावी करते. मावळच्या ओवीच्या बाबतीत नेमका हाच धोका होता.

पुण्यातून सुरू झालेले काम

फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉतव्हँ १९७० च्या दशकात पुण्यात स्थायिक झाले आणि पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. सहकारी हेमा राईरकर यांच्यासमवेत त्यांनी सामाजिक शास्त्रांतील सहकारी संशोधनासाठी पुण्यात केंद्र स्थापन केले. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागात गरीब शेतकरी आणि मजुरांच्या संघटनाचे काम चालू होते. 'गरीब डोंगरी संघटना' ही त्यातलीच. ओव्यांचे संकलन या कामातून उगवले. गावातील स्त्रियांना बोलते करायचे तर त्यांच्या स्वतःच्या बोलीतून, त्यांच्या स्वतःच्या गाण्यातून सुरुवात करावी लागेल, ही त्यामागची धारणा होती.

मुळशी, मावळ आणि परिसरातून सुरू झालेले हे काम हळूहळू राज्यभर पसरले. सुमारे दोन दशकांत एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गाणाऱ्या स्त्रियांची संख्या तीन हजारांच्या वर आहे. सुरुवातीला हे सारे हाताने लिहून घेतले जाई. १९९० च्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात सामील झाले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह रचला आणि गावोगावी जाऊन सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले.

या संग्रहाचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याची नोंदपद्धती. प्रत्येक ओवीला स्वतंत्र क्रमांक आहे, आणि त्यासोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला आहे. विषयवार वर्गीकरणामुळे सीता, माय-लेक, भाऊ, सासर, पंढरी अशा सूत्रांनी ओव्या शोधता येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांचा स्वतंत्र आणि विपुल भाग आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील स्त्रियांच्या ओव्या त्यात विशेष उल्लेखनीय ठरल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आर्त स्वर १९९६ मध्ये मुद्रित झाला. या संग्रहातील सर्वाधिक गौरवलेल्या आवाजांपैकी तो एक आहे. कोणत्याही कंपनीशी करार नसलेल्या, व्यासपीठावर न गायलेल्या स्त्रीचे ते 'पहिले ध्वनिमुद्रण' होते.

मुद्रित साहित्य प्रथम हरियाणातील गुडगाव येथील लोकसंगीत अभिलेखागारात ठेवले गेले. पुढे ते फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथील भाषा-संग्रहातही गेले. पॉतव्हँ यांचे २००४ मध्ये आणि राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' अर्थात 'पारी' या संस्थेने २०१७ पासून हा ठेवा सर्वांसाठी खुला करण्यास आरंभ केला. नमिता वाईकर यांच्या नेतृत्वाखालील गटाने, पॉतव्हँ-राईरकर यांच्यासोबत पूर्वी काम केलेले जितेंद्र मैड यांच्या साहाय्याने, पुन्हा गावोगाव जाऊन गाणाऱ्या स्त्रियांचा शोध घेतला. मुळशी तालुक्यातील कोळवडे गावच्या खडकवाडीसारख्या वस्त्यांवर त्यांतल्या काही जणी भेटल्या आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर पुन्हा ओव्या गायल्या.

गिरणी आली, गळा थांबला

ओवी का थांबली, याचे उत्तर साधे आहे. गावात पिठाची गिरणी आली. तासन्‌तासांचे काम काही मिनिटांत होऊ लागले. याबद्दल हळहळ व्यक्त करताना भान राखणे आवश्यक आहे. जाते ओढण्याचे कष्ट ज्यांनी केले, त्यांपैकी फारच थोड्या स्त्रियांना ते दिवस परत यावेत असे वाटेल. शहरी मनाला ओवी गोड लागते. दळणारीला ती कष्टासोबत मिळालेली होती. गिरणीने बाईचे श्रम वाचवले, हे निर्विवाद.

पण श्रमांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. दिवसातील ती एकमेव घटका, जेव्हा बाई स्वतःशी आणि दुसऱ्या बाईशी मनातले बोलत असे, तीही गेली. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे ओवी जात असे ती शिकवणीने नव्हे, खुंट्यावर दोघींचे हात एकत्र पडल्याने. तो प्रसंगच उरला नाही, तेव्हा नवी ओवी रचली जाण्याचे कारणही उरले नाही. आजही लग्नघरी हळद दळण्याच्या विधीसाठी जात्याला आंब्याची डहाळी बांधतात आणि वयस्क बायका चार ओव्या म्हणतात. एरवी लोणावळा-खंडाळ्याच्या वाटेवरील उपाहारगृहांच्या अंगणात जाते दिसते ते शोभेची वस्तू म्हणून.

नाव आणि हक्क

ओवीच्या मुद्रणाने उभा केलेला प्रश्न व्यावहारिकही आहे. परंपरागत गाण्याच्या शब्दांवर कोणा एकाचा कायदेशीर हक्क मानला जात नाही. त्यामुळे कोणीही ओवी उचलावी, तिला नवे वाद्यसंगीत जोडावे आणि स्वतःच्या नावावर ध्वनिफीत काढावी, हे सहज शक्य आहे. गाणाऱ्याचा आवाज मात्र वेगळा. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचे हक्क मान्य झाले. १९९९ च्या दुरुस्तीने त्यांची मुदत ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा नैतिक हक्कही मान्य केला, म्हणजे सादरीकरणासोबत आपले नाव यावे आणि त्याची मोडतोड होऊ नये, असे म्हणण्याचा अधिकार दिला. हे हक्क चित्रपटातील पार्श्वगायिकेला जसे लागू, तसेच डोंगरवस्तीवर ओवी गाणाऱ्या बाईलाही.

कायद्यातील हक्क वापरायचा तर आपला आवाज कोठे आहे, हे आधी ठाऊक हवे. या दृष्टीने क्रमांक, नाव आणि गाव नोंदवणारी संकलनपद्धती महत्त्वाची ठरते. ब्रिस्टलमध्ये गाणी गोळा करणाऱ्यांनी जी नोंद ठेवली नाही, ती येथे ठेवली गेली. गाणे परंपरेचे असले, तरी गाणारी व्यक्ती निनावी नसते; शब्दांची निवड, त्यांची फिरवाफिरव आणि गळा हे तिचे स्वतःचे असते. एकच ओवी पवनेच्या काठी एका तऱ्हेने आणि मराठवाड्यात दुसऱ्या तऱ्हेने येते. तो फरक कोणातरी बाईने केलेला असतो.

ध्वनिमुद्रणाचे मोल

मुद्रित ओवी ही जात्यावरच्या ओवीची जागा घेऊ शकत नाही. जाते, पहाट आणि सोबतीण यांच्याशिवाय ती अपुरीच असते. तथापि भाषेच्या, संगीताच्या आणि स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी हा ठेवा अमोल आहे. मावळी बोलीतील शब्दकळा, नात्यांची संबोधने, शेतीची अवजारे आणि देवदैवते यांची जिवंत नोंद त्यात आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनी स्वतःच्या आयुष्याविषयी स्वतः काय म्हटले, हे सांगणारी साधने आपल्याकडे फार थोडी आहेत. त्यांपैकी हे एक मोठे साधन होय.

मावळातील अनेक घरांत आज ज्या आजी आहेत, त्यांच्यापाशी अजूनही ओव्या आहेत. त्यांच्या नातवंडांच्या हाती ध्वनिमुद्रण करू शकणारे मोबाइल आहेत. पूर्वी त्यासाठी संशोधकांना यंत्रे घेऊन डोंगर चढावा लागे. आता गरज आहे ती शेजारी बसून ऐकण्याची आणि नोंद करताना ओवीखाली आजीचे नाव व गाव लिहिण्याची.